वेब ॲप्लिकेशनमधले हेड टॅग: दिवाळी अंकांच्या एका सूचीवरून

दिवाळी अंकांची एक सूची आम्ही तिघांनी मिळून वेबवर मांडली. प्रत्येक अंकाला स्वतःचं पान: मुखपृष्ठाचं चित्र, संपादक, वर्ष, अनुक्रमणिका, आणि तो अंक कुठल्या वाचनालयात बघायला मिळेल याची नोंद. पहिल्याच आठवड्यात काकांनी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका जुन्या अंकाची लिंक टाकली. लिंकबरोबर जो छोटा चौकोन उमटतो त्यात 'मुखपृष्ठ' एवढा एकच शब्द होता. तोही अंकाच्या मुखपृष्ठाबद्दल नव्हता, आमच्या ॲपच्या पहिल्या पानाचं ते शीर्षक होतं. काकांनी दुसऱ्या अंकाची लिंक टाकली, पुन्हा तेच. पान उघडलं की सगळं जागच्या जागी होतं. पण पान उघडायचं की नाही हे माणूस ज्यावरून ठरवतो, ते कोरं होतं.

ते पानाच्या हेडमध्ये असतं, म्हणजे पानाच्या कोडमधल्या वरच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या भागात. नव्याने वेब ॲप्लिकेशन लिहायला लागल्यावर हा भाग बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी आणि घाईत उरकला जातो, म्हणून इथे तो सावकाश सांगते. टॅगांची आणि गुणधर्मांची नावं मी देवनागरीत लिहिली आहेत. कोडमध्ये ती रोमन अक्षरांत येतील.

हेड कोण वाचतं

बॉडी, म्हणजे पानावर दिसणारा भाग, वाचकाच्या डोळ्यांसाठी असते. हेड वाचणारे वेगळे. ब्राउझर त्यातून टॅबवरचं नाव, चिन्ह, अक्षरांची सांकेतिक पद्धत आणि स्टाइलशीट घेतो. शोधयंत्र शीर्षक आणि पानाचा अधिकृत पत्ता घेतं. व्हॉट्सॲप, फेसबुक, लिंक्डइन यांच्यासारखी ॲप्स लिंकच्या पूर्वदर्शनासाठी चित्र आणि दोन ओळी घेतात. आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध वाचकाला नवीन पानावर पाय ठेवताच पहिल्यांदा ऐकू येतं ते पानाचं शीर्षक.

या सगळ्यांत एक मोठा फरक आहे आणि आमची चूक तिथेच झाली होती. गूगलचा क्रॉलर, म्हणजे पानं आपोआप वाचत फिरणारा प्रोग्राम, जावास्क्रिप्ट (पान आल्यावर ब्राउझरमध्ये चालणारं कोड) चालवतो. २०१९ पासून तो क्रोमियमच्या, म्हणजे क्रोम ब्राउझरच्या गाभ्याच्या, ताज्या आवृत्तीवर चालतो. व्हॉट्सॲप आणि फेसबुक मात्र सर्व्हरकडून आलेलं एचटीएमएल (पान ज्यात लिहिलेलं असतं ते कोड) जसंच्या तसं वाचतात आणि निघून जातात. आमचं ॲप पूर्णपणे ब्राउझरमध्ये चालणारं होतं. सर्व्हर प्रत्येक पत्त्याला तेच एक रिकामं एचटीएमएल देई, त्यात शीर्षक 'मुखपृष्ठ', आणि मग जावास्क्रिप्ट येऊन शीर्षक बदले. काकांच्या फोनवरचं व्हॉट्सॲप तोवर थांबतच नव्हतं.

त्यामुळे पहिली पायरी कुठलाही टॅग लिहिण्याची नाही. पहिली पायरी म्हणजे हेड सर्व्हरवर तयार होतंय ना, हे बघणं. पान मागितल्यावर तयार होवो किंवा बिल्ड करताना, म्हणजे कोडवरून ॲप तयार करताना, आधीच बनून फाइल म्हणून पडून राहो, दोन्ही चालतं. जँगो, लारावेल, रेल्स यांच्यासारख्या जुन्या वळणाच्या चौकटींत (फ्रेमवर्कमध्ये) हे आपोआप होतं. रिॲक्ट किंवा व्ह्यू नुसतं वापरत असाल तर होत नाही. तिथे नेक्स्ट जेएस, नक्स्ट, स्वेल्टकिट अशी सर्व्हरवर पान घडवणारी चौकट घ्यावी लागते. आम्ही नेक्स्टवर गेलो. पुढची उदाहरणं तिथली आहेत, पण विचार सगळीकडे तोच.

जे प्रत्येक पानात सारखं असतं

सगळ्यात वर कॅरेक्टर सेटचा मेटा टॅग, अक्षरं बाइटांत कशी साठवली आहेत ते सांगणारा, मूल्य यूटीएफ-८. तो पानाच्या पहिल्या १०२४ बाइटांच्या आत यावा असा नियम आहे. इंग्रजी पानात १०२४ बाइट म्हणजे बरीच जागा. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो की अनुस्वार, यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. म्हणजे वर एखादी लांबलचक मराठी टिप्पणी लिहून ठेवली तर साधारण ३४० चिन्हांत ती जागा संपते. सर्व्हरने हेडरमध्ये सांकेतिक पद्धत सांगितलेली नसेल आणि ब्राउझरचा अंदाज चुकला, तर मराठीऐवजी डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या रोमन अक्षरांची रांग दिसते. जुन्या मराठी वेबपानांवर हा प्रकार पाहिलेल्यांना तो लगेच ओळखू येईल.

दुसरी गोष्ट खरं तर हेडमध्ये नसते, हेडच्या बाहेरच्या एचटीएमएल टॅगवर असते: लँग हा गुणधर्म, मूल्य 'एमआर'. बहुतेक तयार साच्यांत तिथे इंग्रजीचा 'इएन' असतो आणि कुणी तो बदलत नाही. मग स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचायला बघतो, आणि ब्राउझर कधीकधी वाचकाला विचारतो, या इंग्रजी पानाचं भाषांतर करू का? अजून एक बारीक गोष्ट यात आहे, जी मला फार आवडते. मराठीत आपण देठाचा श आणि पाकळीचा ल लिहितो, हिंदीत त्यांची घडण वेगळी. काही देवनागरी फॉन्टांत दोन्ही आकार असतात, आणि लँगमध्ये मराठी लिहिलं असेल तर फॉन्ट मराठी आकार निवडतो. दोन अक्षरांचा एक गुणधर्म, आणि पानभर ल मराठी वळणाचा होतो.

तिसरा व्ह्यूपोर्ट: रुंदी उपकरणाइतकी, सुरुवातीचं प्रमाण एक. हा नसेल तर फोन समजतो की पान संगणकासाठी आहे, आणि सगळं आकसून मुंगीएवढं दाखवतो. काही जण त्यात बोटांनी मोठं करण्याची सोय बंद करून टाकतात. तसं करू नका. दिवाळी अंक जपणारा वाचक बऱ्याचदा साठीच्या पुढचा असतो आणि त्याला अनुक्रमणिका मोठी करून वाचायची असते.

चिन्हाबद्दल थोडक्यात: एक एसव्हीजी चिन्ह, जुन्या ब्राउझरांसाठी मुळाशी ठेवलेली फॅव्हिकॉनची आयसीओ फाइल, आणि आयफोनच्या होम स्क्रीनसाठी १८० बाय १८० चं पीएनजी. एवढ्याने काम भागतं. फॉन्ट आधीच मागवून ठेवणारा प्रीलोड टॅग लिहिलात तर त्यावर क्रॉसओरिजिन गुणधर्म विसरू नका. फॉन्ट तुमच्याच सर्व्हरवर असला तरी तो लागतो, नाहीतर तीच फाइल दोनदा उतरते. देवनागरी फॉन्ट वजनदार असतात, मोबाइल डेटावर हे जाणवतं.

शीर्षक

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

दिवाळी अंकांची नावं बघा: मौज, हंस, आवाज, अक्षर. सगळे रोजच्या वापरातले शब्द. पानाचं शीर्षक नुसतं 'हंस' ठेवलं तर ते पक्ष्याबद्दल आहे की अंकाबद्दल, हे शोधनिकालात कुणाला कळणार? शिवाय अंक दरवर्षी त्याच नावाने निघतो. दहा वर्षांचे दहा अंक सूचीत असतील तर दहा पानांचं शीर्षक एकच होतं. वाचकाने तीन टॅब उघडले तर तिन्हींवर 'हंस'. म्हणून शीर्षकात नाव, 'दिवाळी अंक' हे शब्द आणि वर्ष, तिन्ही हवं: 'हंस दिवाळी अंक २०१८', आणि मग उभी रेघ आणि सूचीचं नाव.

क्रम महत्त्वाचा. वेगळेपण आधी, संकेतस्थळाचं नाव शेवटी. टॅब अरुंद असतो, त्यावर पहिले दोनतीन शब्दच दिसतात. सूचीचं नाव आधी टाकलंत तर सगळे टॅब पुन्हा सारखेच. शोधनिकालात किती अक्षरं दिसतील याचा पक्का आकडा नाही, कारण कापणी रुंदीवर ठरते आणि देवनागरी अक्षरांची रुंदी कमीजास्त असते. नेमकं ते आधी लिहिलं असेल तर कुठेही कापलं तरी चालतं. गूगल कधीकधी तुमचं शीर्षक बाजूला ठेवून पानावरचं मोठं मथळ्याचं वाक्य उचलतं. मथळा आणि शीर्षक एकमेकांशी जुळणारे ठेवले तर अशी अदलाबदल झाली तरी बिघडत नाही.

नेक्स्टमध्ये हे दोन ठिकाणी वाटून लिहायचं. सगळ्यात वरच्या, सगळ्या पानांना लागू होणाऱ्या लेआउट फाइलमध्ये शीर्षकाचा साचा: '%एस | दिवाळी अंक सूची' ('%एस'च्या जागी त्या पानाचं शीर्षक येतं), आणि जिथे काहीच दिलं नसेल तिथे वापरायचं एक राखीव शीर्षक. अंकाच्या पानावर फक्त 'हंस दिवाळी अंक २०१८'. साचा आपोआप शेपूट जोडतो. एक खाच आहे: साचा खालच्या पानांना लागतो, ज्या पातळीवर तो लिहिलाय त्या पातळीच्या पानाला लागत नाही. म्हणजे पहिल्या पानाचं शीर्षक तुम्हाला पूर्ण लिहावं लागतं. आम्ही हे विसरलो आणि पहिल्या पानावर बरेच दिवस अर्धवटच शीर्षक राहिलं.

एका पानावरून दुसऱ्यावर जाताना, पूर्ण पान नव्याने न येता, शीर्षक बदललंच पाहिजे. नेक्स्ट, नक्स्ट हे करतात. स्वतःचा राउटर लिहिला असेल तर तपासून घ्या. ब्राउझरच्या इतिहासात वाचक मागे जातो तेव्हा त्याला ही शीर्षकंच दिसतात, आणि पानाला नेमकं शीर्षक असणं ही सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांमधली अगदी पहिल्या पातळीवरची अट आहे.

वर्णन, आणि मराठीची सामान्यरूपं

मेटा डिस्क्रिप्शन म्हणजे पानाबद्दल एकदोन वाक्यं. त्याने शोधातला क्रम वर जात नाही, गूगलने हे २००९ मध्येच सांगितलं आहे. त्याच वर्षी मेटा कीवर्ड्स आपण क्रमवारीसाठी वापरत नाही, हेही सांगून टाकलं. तरी आजही नवशिक्यांना कुणीतरी पन्नास कीवर्ड्स लिहायला लावतं. ते सरळ सोडून द्या. वर्णन मात्र लिहा, कारण शोधनिकालात ते दिसू शकतं आणि वाचक त्यावरून ठरवतो.

शेकडो अंकांची वर्णनं हाताने लिहिणं जमत नाही, म्हणून माहितीवरून वाक्य बनवायचं. इंग्रजी उदाहरणं बघून आम्हीही रिकाम्या जागा ठेवलेलं एक वाक्य लिहिलं: अमुक गावच्या तमुक अंकाची अनुक्रमणिका. आणि पानांवर उमटलं 'पुणेच्या', 'सांगलीच्या', 'ठाणेच्या'. सांगली निभावली, पुणं आणि ठाणं फसलं. मराठीत नाम प्रत्ययाआधी आपलं रूप बदलतं. पुणे, पुण्याच्या. कोल्हापूर, कोल्हापुरातल्या. माणसांच्या नावांचंही तसंच. हे सगळं कोडमध्ये शिकवत बसणं म्हणजे व्याकरणाचं वेगळं काम होऊन बसतं.

उपाय साधा निघाला. वाक्य असं रचायचं की बदलत्या शब्दाला प्रत्यय लागूच नये. 'प्रकाशनस्थळ: पुणे. संपादक: अमुक. कथा १२, कविता ३०, लेख ९.' नाहीतर प्रत्यय दुसऱ्या शब्दावर टाकायचा: 'पुणे इथून निघालेला', 'अमुक यांनी संपादित केलेला'. 'यांनी' आणि 'इथून' हे दोन शब्द या कामी फार उपयोगाचे आहेत, आणि 'यांनी'मुळे संपादक बाई आहेत की बुवा हा प्रश्नही उरत नाही.

दुसरी काळजी, माहिती नसलेल्या रकान्यांची. जुन्या अंकांच्या संपादकाची नोंद कित्येकदा सापडत नाही. रकाना रिकामा असला तर ते पूर्ण वाक्यच गाळा. नाहीतर जावास्क्रिप्ट तिथे 'अनडिफाइंड' लिहून मोकळं होतं आणि तो शब्द शोधनिकालात जाऊन बसतो.

तिसरी, कापणीची. अनुक्रमणिकेतून वर्णन बनवताना दीडशे अक्षरांवर मजकूर तोडला, तर संगणक चिन्हं मोजतो, आपण मोजतो तशी अक्षरं नाही. 'विद्यार्थी' मध्येच तुटून 'विद्' एवढाच राहतो, पायमोडका. शब्दाच्या सीमेवर तोडा. जावास्क्रिप्टमध्ये इंटल सेगमेंटर नावाची सोय आहे, तिला भाषा मराठी सांगून शब्द वेगळे करून घेता येतात. किंवा सरळ शेवटच्या मोकळ्या जागेपर्यंत मागे या.

एका पानाचे अनेक पत्ते

सूचीवर आम्ही गाळण्या दिल्या: वर्षाप्रमाणे, संपादकाप्रमाणे, चढत्या-उतरत्या क्रमाने. प्रत्येक गाळणीबरोबर पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि काहीबाही जोडलं जातं. फेसबुकवरून आलेल्या लिंकला तर त्यांचं स्वतःचंही शेपूट असतं. मजकूर एकच, पत्ते दहा. शोधयंत्राला यातला खरा कुठला, हे कॅनॉनिकल लिंक टॅग सांगतो. गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी २००९ मध्ये मिळून तो आणला.

अंकाच्या पानावर कॅनॉनिकलमध्ये शेपूट नसलेला पूर्ण पत्ता द्या, प्रोटोकॉल आणि डोमेनसकट. शोधयंत्रासाठी ही सूचना असते, आज्ञा नव्हे, त्यामुळे साइटमॅपमध्ये (शोधयंत्रासाठी ठेवलेल्या पत्त्यांच्या यादीत) आणि पानांवरच्या दुव्यांतही तोच पत्ता वापरला तर ती मानली जाण्याची शक्यता वाढते. यादीचं दुसरं, तिसरं पान असेल तर त्याचा कॅनॉनिकल त्याच पानाकडे हवा. तिघांचाही पहिल्याकडे वळवणं चूक, कारण दुसऱ्या पानावरचे अंक वेगळे आहेत.

नेक्स्टमध्ये इथे एक खड्डा आहे. वरच्या लेआउटमध्ये लिहिलेला मेटाडेटा (शीर्षक, वर्णन, कॅनॉनिकल अशी हेडमधली माहिती) खालची सगळी पानं वारशाने घेतात. कुणी पहिल्या पानाचा कॅनॉनिकल लेआउटमध्ये लिहिला, तर प्रत्येक अंक सांगतो की माझा खरा पत्ता म्हणजे पहिलं पान. सगळी सूची शोधातून गायब व्हायला एवढं पुरतं. कॅनॉनिकल नेहमी त्या त्या पानातच लिहा.

देवनागरी पत्ते ठेवावेत का, हा प्रश्न मराठी ॲप करणाऱ्या प्रत्येकाला पडतो. ब्राउझरच्या पट्टीत ते छान दिसतात. पण कॉपी करून दुसरीकडे चिकटवले की बऱ्याचदा प्रत्येक चिन्हाची नऊ रोमन चिन्हं होतात आणि लिंक तीन ओळींची बनते. माझा कौल साध्या क्रमांकाला किंवा रोमन लिपीतल्या छोट्या नावाला. मराठी शीर्षकात आहेच.

काही पानं शोधात येऊच नयेत: ॲपमधल्या शोधाचे निकाल, लॉगिन, नोंद दुरुस्त करण्याचं पान. त्यांना रोबोट्स मेटा टॅगमध्ये नोइंडेक्स द्या. आणि मग क्रॉलरने कुठे जायचं नाही हे सांगणाऱ्या रोबोट्सच्या टेक्स्ट फाइलमध्ये तीच पानं अडवू नका. क्रॉलरला पान उघडूच दिलं नाही, तर त्यावरचा नोइंडेक्स तो वाचणार कसा? दोन्ही एकदम लावण्याची चूक फार जणांकडून होते. याच्या उलट चूक अजून महागात पडते: चाचणीच्या सर्व्हरवर लावलेला नोइंडेक्स खऱ्या सर्व्हरवर तसाच जाणं. तो एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलवरून, म्हणजे सर्व्हर चाचणीचा की खरा हे सांगणाऱ्या मूल्यावरून ठरवा, हाताने लावू-काढू नका.

सापडत नसलेल्या अंकाच्या पत्त्यावर 'अंक सापडला नाही' असं लिहून चालत नाही, सर्व्हरने ४०४ हा 'पान नाही' सांगणारा क्रमांकही द्यायला हवा. नेक्स्टमध्ये नॉटफाउंड हे फंक्शन त्यासाठी आहे.

लिंक पाठवल्यावर दिसणारा चौकोन

काकांच्या ग्रुपवरचा तो चौकोन ओपन ग्राफ टॅगांतून भरतो. फेसबुकने ही पद्धत २०१० मध्ये आणली, आणि आता व्हॉट्सॲप, टेलिग्राम, लिंक्डइन सगळे ती वाचतात. चार टॅग मूळचे: शीर्षक, प्रकार, चित्र, पत्ता. त्यांच्या जोडीला वर्णन, संकेतस्थळाचं नाव आणि भाषा. यांच्यात 'नेम' हा गुणधर्म नसतो, 'प्रॉपर्टी' हा वापरतात. हाताने लिहिताना इथे चूक होते. भाषेचं मूल्य 'एमआर, अंडरस्कोर, आयएन'. लँगमध्ये जोडरेघ चालते, इथे अंडरस्कोर. एक्ससाठी, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरसाठी, वेगळा एकच टॅग पुरतो, मोठ्या चित्राचं कार्ड हवं असं सांगणारा. बाकीचं तो ओपन ग्राफमधून उचलतो.

ओपन ग्राफच्या शीर्षकात संकेतस्थळाचं नाव पुन्हा जोडू नका, त्यासाठी वेगळा टॅग आहेच आणि चौकोनात जागा थोडी.

चित्राचा पत्ता पूर्ण हवा. नुसता तिरक्या रेघेपासून सुरू होणारा पत्ता दिला तर चित्र येईलच असं नाही. नेक्स्टमध्ये मेटाडेटाबेस हे मूल्य एकदा लेआउटमध्ये दिलं की अर्धे पत्ते पूर्ण होतात. चित्राचा माप १२०० बाय ६३०, म्हणजे आडवं. दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ उभं. ते तसंच दिलं तर मोठ्या कार्डात वरखाली कापलं जातं: वर अंकाचं नाव गेलं, खाली वर्ष गेलं, उरला चित्रातल्या बाईचा गळा आणि अर्धी पणती. म्हणून प्रत्येक मुखपृष्ठ एका आडव्या पार्श्वभूमीवर डावीकडे पूर्ण ठेवायचं आणि उजवीकडे नाव आणि वर्ष मोठ्या अक्षरांत. फाइल हलकी ठेवा. आम्ही ३०० किलोबाइटच्या आत राहतो. चित्राची रुंदी, उंची आणि पर्यायी मजकूर यांचेही टॅग असतात, तेही द्या.

हे चित्र कोडने बनवायचं तर नेक्स्टमध्ये तयार सोय आहे, आणि मराठीसाठी ती वापरण्याआधी थांबा. तिच्या आत सॅटोरी नावाची लायब्ररी आहे, आणि तिला फॉन्टमधल्या जोडाक्षरांचे, अक्षरं एकमेकांत गुंफण्याचे नियम पाळता येत नाहीत. रोमन लिपीला याने फरक पडत नाही. देवनागरीचा सगळा संसारच त्या नियमांवर चालतो. रफार सुटतो, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. 'दिवाळी' हा शब्दच चुकीचा उमटला तर दिवाळी अंकांच्या सूचीवर कोण विश्वास ठेवणार? आम्ही दुसरा रस्ता धरला: चित्राचा साचा साध्या एचटीएमएलमध्ये लिहायचा आणि प्लेराइट या ब्राउझर चालवणाऱ्या साधनाकरवी पडद्याविना चालणाऱ्या क्रोममध्ये उघडून त्याचा स्क्रीनशॉट घ्यायचा. क्रोम देवनागरी नीट जुळवतो. अंक सूचीत आला की एकदाच चित्र बनतं आणि साठवून ठेवलं जातं. वेळ थोडा जास्त लागतो, अक्षर बरोबर येतं.

सगळं एका जागी

आता हे लिहायचं कुठे? आमच्याकडे एकच फंक्शन आहे. त्याला अंकाची नोंद द्यायची, ते शीर्षक, वर्णन, कॅनॉनिकल, चित्र सगळं तयार करून देतं. अंकाच्या पानावरचं जनरेटमेटाडेटा हे फंक्शन डेटाबेसमधून नोंद आणतं आणि ती आमच्या या फंक्शनच्या हाती सोपवतं. शीर्षकाची पद्धत बदलायची ठरली तर एकाच फाइलला हात लावायचा.

नोंद दोनदा आणली जाईल का, एकदा हेडसाठी आणि एकदा पानासाठी? फेच (जावास्क्रिप्टमधलं माहिती मागवायचं फंक्शन) वापरत असाल तर नेक्स्ट एकाच फेरीत तीच मागणी पुन्हा करत नाही. डेटाबेस थेट विचारत असाल तर रिॲक्टच्या कॅश फंक्शनमध्ये ती विचारणा गुंडाळा.

दोन गोष्टी नवशिक्यांना इथे छळतात. मेटाडेटा फक्त सर्व्हर कंपोनंटमधून, म्हणजे सर्व्हरवर घडणाऱ्या पानाच्या भागातून देता येतो. फाइलच्या डोक्यावर 'यूज क्लायंट' ही, भाग ब्राउझरमध्येही चालेल असं सांगणारी ओळ असेल तर नाही. पान तसंच ठेवून बटणं, गाळण्या असा हलणारा भाग वेगळ्या फाइलमध्ये काढा. दुसरी, लेआउट आणि पान यांचा मेटाडेटा वरवर जोडला जातो, खोलवर नाही. लेआउटमध्ये ओपन ग्राफचं चित्र, संकेतस्थळाचं नाव, भाषा दिली आणि पानात ओपन ग्राफचं फक्त शीर्षक दिलं, तर लेआउटमधलं सगळं ओपन ग्राफ जातं, उरतं फक्त शीर्षक. म्हणून आमचं फंक्शन दर वेळी ओपन ग्राफ पूर्ण भरून देतं.

नक्स्टमध्ये याच कामाला यूज-एसईओ-मेटा, अँग्युलरमध्ये टायटल आणि मेटा या सेवा, स्वेल्टकिटमध्ये स्वेल्टचा हेड घटक. रिॲक्ट १९ पासून शीर्षक आणि मेटा टॅग कुठल्याही कंपोनंटमध्ये लिहिले तरी रिॲक्ट ते उचलून हेडमध्ये नेतं. पण दोन कंपोनंटांनी दोन शीर्षकं दिली तर दोन्ही जाऊन बसतात, निवड तुम्हीच करायची.

वाचकांनी भरलेली माहिती हेडमध्ये जात असेल तर ती चौकटीच्या मार्गानेच जाऊ द्या, स्वतः अक्षरं जोडून टॅग बनवू नका. अंकाच्या नावात एक अवतरणचिन्ह आलं की गुणधर्म तिथेच तुटतो, आणि वाईट हेतूने लिहिलेला मजकूर स्क्रिप्ट म्हणून चालू शकतो.

अजून एक, कमी माहीत असलेली गोष्ट. हेडमध्ये चालणारे टॅग मोजके आहेत. एखादं मापन करणारं जोडकोड तुम्हाला हेडमध्ये चित्राचा किंवा डिव्हचा टॅग टाकायला सांगतं. ब्राउझरला हेडमध्ये असा टॅग दिसला की तो समजतो हेड संपलं, बॉडी सुरू झाली. त्याच्या खाली लिहिलेला कॅनॉनिकल मग बॉडीत पडतो, आणि तिथला कॅनॉनिकल गूगल धरत नाही. बाहेरून आलेलं कोड नेहमी आपल्या टॅगांच्या खाली ठेवा.

तपासणी

ब्राउझरमध्ये पान तपासायचे दोन मार्ग आहेत आणि ते एकच नाहीत. इन्स्पेक्टमध्ये जावास्क्रिप्ट चालून झाल्यानंतरचं पान दिसतं. पानाचा स्रोत, म्हणजे कंट्रोल आणि यू, तिथे सर्व्हरने पाठवलेलं दिसतं. आम्ही आठवडाभर इन्स्पेक्टमध्ये बघत होतो आणि सगळं बरोबर दिसत होतं. स्रोत उघडला त्या क्षणी उलगडा झाला. नेक्स्टच्या १५.२ पासून यात एक गुंतागुंत आहे: मागितल्यावर घडणाऱ्या पानांत मेटाडेटा मागाहून, बॉडीतही येऊ शकतो, आणि जावास्क्रिप्ट न चालवणाऱ्या ओळखीच्या बॉटांसाठीच (क्रॉलरसारख्या प्रोग्रामांसाठीच) तो आधी हेडमध्ये घातला जातो. म्हणून टर्मिनलमधून कर्लने (पान मागवणाऱ्या आज्ञेने), फेसबुकच्या बॉटचं नाव यूजर एजंट, म्हणजे मागणाऱ्याची ओळख, म्हणून देऊन पान मागवा आणि हेड वाचा.

मग फेसबुकचं शेअरिंग डीबगर, लिंक्डइनचं पोस्ट इन्स्पेक्टर, आणि गूगल सर्च कन्सोलमधली पत्ता तपासण्याची सोय. ही तिन्ही बाहेरून पान बघतात, त्यामुळे तुमच्या संगणकावर चालणारं ॲप त्यांना दिसणार नाही. चाचणीच्या सर्व्हरवर चढवून बघा. फेसबुक एकदा घेतलेलं पूर्वदर्शन जपून ठेवतं. टॅग दुरुस्त केल्यावर डीबगरमध्ये पुन्हा वाचायला सांगावं लागतं.

व्हॉट्सॲपचं वेगळं. तिथे पूर्वदर्शन पाठवणाऱ्याच्या फोनवर तयार होतं आणि संदेशाबरोबर जातं. गेलेला संदेश मागाहून दुरुस्त होत नाही. म्हणून नवीन अंकाची घोषणा करण्याआधी ती लिंक आधी स्वतःलाच पाठवून बघा.

आमच्याकडे आता एक छोटी स्क्रिप्ट प्रत्येक बिल्डनंतर साइटमॅपमधल्या सगळ्या पत्त्यांवरून फिरते. शीर्षक नसलेलं पान, दोन पानांचं एकच शीर्षक, कॅनॉनिकल आणि पत्ता यांत तफावत, चित्राच्या पत्त्यावर ४०४, 'अनडिफाइंड' हा शब्द, खऱ्या सर्व्हरवर नोइंडेक्स. यातलं काहीही सापडलं की बिल्ड थांबतं. लिहायला एक दुपार लागली. पहिल्याच फेरीत तिने एकाच वर्षाच्या, एकाच नावाच्या दोन नोंदी पकडल्या. तपासल्यावर कळलं की तो एकच अंक दोन जणांनी दोनदा भरला होता.